अर्धा दिवस कशाला?

फोनवर बुकिंग घेताना एक संवाद ठरलेला असतो. “पाण्यात प्रत्यक्ष किती वेळ?” समोरून विचारतात. “चाळीसेक मिनिटं,” मी सांगतो. “मग सकाळी सात ते अकरा कशाला? दुसरीकडे वीस मिनिटांत करून सोडतात.” त्यांचं म्हणणं खरं आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात वीस मिनिटांत स्नॉर्केलिंग होतं. माणूस पाण्यात उतरतो, त्याचा फोटो निघतो, तो वर येतो आणि पुढची मंडळी उतरतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात लोकांना घेऊन जायचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्या अर्ध्या दिवसाचा हिशेब एकदा सविस्तर मांडावा असं केव्हापासून मनात होतं.

आमचं घर दांडीच्या किनाऱ्यावर. बाबा रापणीच्या जाळ्यावर जायचे आणि ओहोटीला खडपांवर शिनाणे, म्हणजे शिंपले, काढायचे. ना चष्मा, ना नळी. छातीत हवा भरायची आणि बुडी मारायची. मी पोहायला कधी आणि कोणाकडून शिकलो हे मला सांगता येणार नाही, आमच्याकडे ते शिकवावं लागत नाही. 1987 साली मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर, त्यातला किल्ल्याभोवतीचा आणि पद्मगडाभोवतीचा भाग सर्वांत कडक संरक्षणाचा. माझ्या लहानपणी घरात ‘अभयारण्य’ हा शब्द निघाला की मोठी माणसं गप्प व्हायची. मासेमारी बंद होणार, जाळी जप्त होणार, ही भीती होती आणि ती पोकळ नव्हती. ज्यांचं पोट त्या पाण्यावर त्यांना कोणी आधी विचारलं नव्हतं.

पुढे बऱ्याच काळानं, 2010 नंतरच्या दशकात, सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांचा एक प्रकल्प जिल्ह्यात आला. किनाऱ्यावरच्या पोरांना स्नॉर्केलिंगचं, डायव्हिंगचं, जीवरक्षणाचं प्रशिक्षण मिळू लागलं. मी शिकायला गेलो तो पैशांसाठी. पहिल्यांदा मास्क लावून पाण्यात तोंड घातलं ती जागा माझ्या पायाखालचीच होती. त्याच खडपात आमची जाळी अडकायची, फाटायची, आणि आम्ही त्या खडपाला शिव्या घालायचो. खाली ते खडप निळसर, पिवळट, तपकिरी पोवळ्यांनी भरलेलं होतं. फटीतून एक गोबरा मासा तोंड बाहेर काढून माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षं त्या पाण्यावरून मी होडी हाकली होती. त्या दिवशी माझ्या डोक्यात जो बदल झाला तो अजून उतरलेला नाही.

तर अर्धा दिवस. त्यातला पहिला भाग आदल्या रात्रीच सुरू होतो, तिथीनं. जुनी माणसं भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीनं काढतात. पंचमी असेल तर पाचची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो, आमच्याकडे भरती थोडी आधी लागते. पण मोबाइलवर तक्ता बघायच्या आधी मी अजूनही बोटांवर हा आकडा काढतो. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, तळाची माती वर येते. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी शांत आणि स्वच्छ. उतरत्या पाण्याबरोबर कोळंबच्या खाडीचा गाळ बाहेर येतो, चढत्या पाण्याबरोबर बाहेरचं निवळ पाणी आत येतं. म्हणून ओहोटी संपून भरती लागायची वेळ सकाळी मिळाली की तो दिवस सोन्याचा.

आणि वारा. पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, त्यात पाणी सपाट राहतं. दुपार व्हायला लागली की खारा वारा सुटतो, लहान लहान लाटा उठतात, नळीत पाणी शिरायला लागतं आणि नवख्या माणसाचा धीर सुटतो. अकरापर्यंत परत यायचं ते यासाठी. ऊन मात्र हवं. अगदी कोवळ्या उन्हात किरण पाण्यावरून घसरून जातात आणि खाली रंग दिसत नाहीत. साडेआठ ते दहा, एवढीच खरी वेळ. ती आपल्या हातात नसते. तिच्या आधी तयार होऊन बसणं हातात असतं, आणि तयारीला वेळ लागतो.

तयारी कशाची, तर श्वासाची. आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी घाटावरची. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे. निम्म्यांना पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घातल्यावर बुडण्याचा प्रश्न फारसा उरत नाही, तरी भीती जात नाही, कारण ती बुडण्याची नसतेच. मास्कनं नाक बंद होतं. जन्मापासून ज्या वाटेनं हवा घेतली ती वाट एकदम मिटते आणि शरीर ओरडायला लागतं. तोंडातल्या नळीनं माणूस भराभर, वरवर श्वास घेऊ लागतो. नळीत थोडी जागा असते, तिथे सोडलेली हवा साठते. श्वास उथळ असेल तर तीच वापरलेली हवा पुन्हा आत जाते. मग खरोखरच गुदमरायला होतं, माणूस आणखी भराभर श्वास घेतो, आणि शेवटी मास्क ओरबाडून काढतो. यावर उपाय एकच आहे: श्वास सावकाश, पूर्ण सोडणं. घेण्याकडे लक्ष द्यावं लागत नाही, सोडला की तो आपोआप आत येतो. एवढी साधी गोष्ट, पण ती सांगून येत नाही, करून येते.

म्हणून जेट्टीवरून बोट सुटली की मी सगळ्यांच्या तोंडात नुसती नळी देतो. मास्क नाही. किल्ल्याचा तट डावीकडे सरकत असतो, तांडेल इंजिन हळू ठेवतो, आणि मंडळी नळीतून श्वास घेत गप्प बसलेली असतात. मग मास्क. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकानं हवा ओढायची. सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो त्या चेहऱ्याचा. दाट मिशी असेल तर थोडं व्हॅसलीन. काचेवर वाफ धरू नये म्हणून थुंकी चोळून धुवायचं, हे ऐकून शहरातल्या मुली तोंड वाकडं करतात, त्यांच्यासाठी बेबी शाम्पूची बाटली ठेवलेली असते. नंतर येते बादली. समुद्राच्या पाण्यानं भरलेली एक निळी बादली बोटीवर असते. ज्याला धाकधूक वाटते त्यानं मास्क-नळी लावून त्या बादलीत तोंड घालायचं. पाय फळीवर, हात गुडघ्यावर, तोंड समुद्रात.

एका सकाळी सत्तरीकडे झुकलेल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, लेक आणि नातवाबरोबर. त्या उतरणार नव्हत्या, नुसत्या बोटीवर बसणार होत्या. बादलीचा प्रकार त्यांनी बारकाईनं पाहिला आणि मला विचारलं, “यात तळाला काय आहे?” मी तळाशी एक शिंपला टाकला होता. “आजी, तुम्हीच बघून सांगा.” त्यांनी साडीचा पदर खोचला, मास्क लावला आणि तोंड बादलीत घातलं. लगेच बाहेर. पुन्हा आत. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या बराच वेळ आत राहिल्या. वर येऊन म्हणाल्या, “शिंपल्याला एका बाजूला छोटं भोक आहे, अगदी गोल. कुणी पाडलं?” ते भोक एका शिकारी गोगलगायीनं पाडलेलं असतं, ती शिंपल्याला छिद्र करून आतलं मांस खाते. हे मी सांगितलं. आजी म्हणाल्या, “मग मला उतरायला हवं.”

लेक नको म्हणत होती. मी आजींना विचारलं, हृदयाचा काही त्रास, रक्तदाब, दमा? हे मी प्रत्येकाला विचारतो आणि तो उत्तर देत असताना त्याच्याकडे बघतो. त्यांना काही नव्हतं. सलवार-कुडता होता, तो घालून, जॅकेट चढवून त्या शिडीवरून उतरल्या आणि लाइफ रिंगला दोन्ही हातांनी धरून राहिल्या.

पाण्यात मी माणसाचा चेहरा बघत नाही. मास्कमागे चेहरा काही सांगत नाही. मी बोटं बघतो. भ्यालेल्या माणसाची बोटं रिंगवर अशी आवळलेली असतात की पेरं पांढरी पडतात, नखांखालचं रक्त गेलेलं दिसतं. दुसरीकडे कानानं नळीचा आवाज ऐकतो, तुटक आणि घाईचा. त्यावेळी मी काही बोलत नाही, दाखवत नाही, पुढे ओढत नाही. माझा हात रिंगवर, एवढंच. आजींच्या बाबतीत चांगली सहा-सात मिनिटं गेली. मग उजव्या हाताची करंगळी सुटली. मग शेजारचं बोट. नळीतला आवाज लांब झाला. आणि थोड्या वेळानं तोच हात रिंग सोडून पाण्यात पुढे झाला, खाली कशाकडे तरी बोट दाखवत. त्या क्षणापासून त्यांना दिसायला लागलं. त्याआधी डोळे उघडे होते, पण सगळं लक्ष छातीत होतं. वीस मिनिटांच्या फेरीत माणूस वर काढला जातो तो बरोबर इथे, बोटं सुटायच्या सुमाराला. फोटोत हसत असतो, आणि घरी जाऊन सांगतो की काही विशेष नव्हतं.

पोहणारी मंडळी उलट जास्त जपावी लागतात. बाबा मालवणीत म्हणायचे, “पाण्याक भियाता तो बरो. नाय भियाता तेका सांभाळ.” विहिरीत, नदीत, तलावात पट्टीचं पोहणारा तरुण जॅकेट काढायला बघतो, पाय जोरात मारतो, आणि नळीत एक घोट पाणी गेलं की सवयीनं खाली उभा राहतो. किल्ल्याच्या मागे कित्येक जागी पाणी छातीएवढंच. पाय टेकतो तो पोवळ्यावर नाहीतर समुद्री साळींदराच्या काट्यांवर. काटा तुटून आत राहतो, आणि सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय धरून बसण्यात त्याची उरलेली सकाळ जाते. पोवळ्याचं काय होतं ते त्याला दिसत नाही.

ते मी बोटीवरच सांगतो, अगदी सावकाश. पोवळं दगडासारखं दिसतं, पण ती बारीक प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न करतं आणि पोवळ्याला देतं. रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की हे शैवाल बाहेर पडतं आणि पोवळं पांढरं होतं. तसंच राहिलं तर उपासमारीनं मरतं. 2016 च्या आसपास जगभर हे झालं, आमच्याकडेही झालं. एप्रिल-मे महिन्यात ओळखीच्या खडपावर पांढरे चट्टे बघताना माझ्या पोटात खड्डा पडायचा. आमची पोवळी तशी चिवट जातीची आहेत. चार महिने पावसाचं गढूळ आणि गोडं पाणी सोसूनही टिकलेली. पण गोळ्यासारखी वाढणारी पोवळी वर्षाला सेंटीमीटरच्या आसपास वाढतात. म्हणजे ताटाएवढा गड्डा तयार व्हायला एका माणसाची तरुणाई जाते, आणि तो मोडायला एका पायाचा एक फटका पुरतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या पोवळ्यांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला, जागा दिलेली आहे. तरी खिशात तुकडा घालून नेणारे असतात. मी खिसे तपासत नाही. उतरायच्या आधी हे सगळं सांगितलेलं असलं की बहुतेकदा हात आपोआप आखडतो.

पाव-बिस्किटांचंही तेच. पाण्यात पाव कुस्करला की पिवळे-काळे पट्टेवाले मासे क्षणात शेकड्यानं गोळा होतात, व्हिडिओ झकास येतो, आणि गिऱ्हाईक खूश. आमच्या बोटीवर पाव नाही. खायला टाकलं की तेच धीट मासे गर्दी करतात, बोटांना चावे घेतात, आणि बाकीचे दूर जातात. पाव न टाकता एका जागी दहा मिनिटं तरंगत राहिलं की हळूहळू दुसरेच बाहेर येतात. फुलपाखरू मासे जोडीनं येतात. समुद्रफुलांच्या बोटांतून काहीतरी हलतं. आणि पोपटमासा आला तर आधी ऐकू येतो: तो दातांनी खडप खरवडतो, त्याची करकर पाण्यात स्वच्छ ऐकू येते. या पाण्यात मी आयुष्य काढलंय, तरी ती करकर ऐकू आली की आजही मान वळते.

यात कमाई कमी होते हे लपवायचं कारण नाही. एका सकाळी एकच फेरी, बोटीवर मोजकी माणसं. घरातलीच धाकटी पोरं मला सांगतात की यात चार फेऱ्या बसतील. त्यांचं गणित चूक नाही. मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत पर्यटनाच्या बोटी बंद असतात. त्याआधी वर्षाची कमाई गाठीला बांधायची असते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं किनाऱ्यावरच्या होड्या, घरांची छपरं, माडबागा झोडपून काढल्या. त्याआधीचं वर्ष टाळेबंदीत गेलेलं. कर्ज काढून बोट घेतलेल्या पोरानं घाई केली तर त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते.

तरी घाईला एक हद्द असते. 2022 च्या मे महिन्याच्या शेवटी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि दोन माणसं गेली. सहलीला आलेली माणसं. त्या बातमीनंतर कित्येक दिवस मी गिऱ्हाइकांच्या मुलाबाळांकडे बघून आत हलत होतो. या धंद्यातलं सगळ्यात अवघड वाक्य ‘आज नाही’ हे आहे. अवघड अशासाठी की ते बोलताना समोर उभ्या माणसाचा आनंद आपण काढून घेत असतो.

असंच एक कुटुंब रात्रभर गाडी चालवून गगनबावड्यावरून आलं होतं. सकाळी सातला जेट्टीवर हजर; पोरांनी चष्मे आधीच डोक्याला लावलेले. बंदरात पाणी ताटलीसारखं सपाट होतं, वारा नव्हता. पण किल्ल्याच्या पश्चिमेकडून धम्म धम्म आवाज येत होता, थांबून थांबून. लांब कुठेतरी समुद्र उसळला की त्याची लाट दोन दिवसांनी आमच्याकडे पोचते; वरून दिसत नाही, खडपावर आपटली की कळते. अशा पाण्यात माणूस खडपावर घासला जातो आणि खाली वीतभर दिसत नाही. मी म्हटलं, “दादा, आज नको. पैसे परत घ्या, किल्ला बघून या.” ते चिडले. बाजूची एक बोट भरत होती, तिकडे हात करून म्हणाले, “मग हे कसे जातायत?” माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, दुसऱ्याच्या बोटीबद्दल मी बोलत नाही. पोरं रडकुंडीला आली. ते गृहस्थ रागातच गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. तीच सकाळ पुन्हा आली तर मी तेच सांगेन.

घाटावरच्या एका कर्णबधिर विद्यालयाची सहल आली तेव्हा त्यांच्या बाई फार काळजीत होत्या. मुलांना ऐकू येत नाही, पाण्यात सूचना कशा देणार? पहिल्या दहा मिनिटांत चित्र पालटलं. पाण्यात तोंड घातलं की आपण सगळेच मुके होतो, अंगठा आणि तर्जनीचा गोल करून ‘ठीक आहे’ एवढंच काय ते बोलतो. या मुलांची भाषाच हातांची. ती खाली बघत होती आणि एकमेकांशी अखंड बोलत होती, बारीक-सारीक सगळं. बाकीच्यांना वर येऊन मास्क काढून सांगावं लागतं, यांना तेही नाही. बोटीवर परत चढायला कोणी तयार होईना.

त्यात बारा-तेरा वर्षांची एक मुलगी पोपटमाशाच्या मागे लागली होती. मागे म्हणजे पाठलाग नाही. ती एका जागी तरंगत त्याच्याकडे बघत होती. त्याची करकर तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. वर आल्यावर ती बाईंना हातांनी काहीतरी भराभर सांगू लागली. हाताची मूठ दातांशी, मग बोटं चोळत खाली सोडायची, पुन्हा पुन्हा. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “ही म्हणते, तो मासा दगड खातो आणि मागून वाळू टाकतो. असं असतं का?”

असं असतं. पोपटमासा खडपावरचं शेवाळ खरवडताना पोवळ्याचा, खडपाचा चुराही गिळतो, तो पोटात आणखी दळला जातो आणि बारीक पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. मी ते प्रशिक्षणात शिकलो होतो आणि बोटीवर सगळ्यांना सांगायचो. त्या दिवशी गडबडीत सांगायचं राहिलं होतं, आणि तिनं ते स्वतः पाहून काढलं. तेव्हापासून पोपटमाशाबद्दल मी आधी काही बोलत नाही. एखाददुसरा वर येऊन विचारतोच. मग त्याच्या शेजारी बसून सगळं सांगतो, परतीला अजून वेळ असतो.